तीन नंबर

दुपारचा दीड. शटर अर्धं खाली.
मे महिन्यात या वेळी भुसावळचं कुत्रंही
जामनेर रोड ओलांडत नाही,
आणि सावद्याचा देवदत्त फेगडे
ट्रॅक्टरमागे बांधून बलेनो आणतो.
"मी त काहीच नही केलं भो,
पालच्या घाटात जरा दाबली."

मी बोनेट उघडतो आणि बसून राहतो.
गरम हेडमधून प्लग काढला तर आटेही सोबत येतात,
हे एकदा साडेतीन हजार भरून शिकलोय.
रेमल्या पावरा माठातलं पाणी आणतो,
देवदत्त दोन तांबे पितो,
गाडी तडतडत निवते.

मग एकेक.
कालच्या कॅलेंडरच्या पानावर, ओळीनं, ओळ मोडायची नाही.
एक नंबर: ज्वारीची भाकर तव्याला नीट टेकते
तिथला रंग.
दोन नंबर त्याचाच भाऊ, एक शेक जास्त.
चार पांढराफटक, टोकाला बारीक फोड,
ताप उतरलेल्या माणसाच्या ओठांसारखा.

तीन नंबर रेमल्यानंच काढला,
हातात फिरवला,
म्हणाला, "उस्ताद, याला कुणीतरी चावलंय."

घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावतो.
फट मिटलेली. पट्टी आत दबलेली.
पोर्सिलेनला टवका,
आणि उरलेल्या पांढऱ्यावर
मोहरीहून बारीक, चकचकीत
ॲल्युमिनियमचे कण.
पिस्टन इथं थुंकलाय.
टवक्याचा तुकडा टर्बोच्या पात्यांतून केव्हाच निघून गेला असणार,
पाती तपासावी लागतील.
कॉम्प्रेशन: एकशे सत्तर, एकशे अडुसष्ट,
एकशे पाच, एकशे साठ.
तिसरा आकडा मी दोनदा घेतो.
दुसऱ्यांदा शंभर येतो.

पेट्रोल कुठल्या पंपाचं?
बूस्टचा स्क्रू फिरवलास?
होज सुटला होता का? फिल्टर कधी धुतला?
देवदत्त शपथा घेतो,
आईची, केळीच्या काट्याची, नवीन लागलेल्या पोरीची.
मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता.
तो खोटं बोलला असता
तर माझी संध्याकाळ सोपी गेली असती.

लॅपटॉप उघडतो.
मॅपवर तारीख आहे: अकरा जानेवारी, पहाटे सहा वीस.
आठवलं.
जळगावकडचा चौपदरी मोकळा,
आमच्या तोंडातून वाफ, काचेवर दव,
हवा एवढी गार, एवढी दाट
की टर्बो ती घोटाघोटानं पीत होता.
मी तीन डिग्री टायमिंग पुढे घेतलं.
मग हौसेनं अजून एक.
त्या पहाटे गाडी जशी बोलली
तशी पुन्हा कुठलीच गाडी माझ्याशी बोललेली नाही.
प्लग मात्र सहा नंबरचेच राहिले.
"थंड प्लग पुढच्या वेळी टाकू," असं मीच म्हणालो होतो,
बिलात लिहिलंयही.

आज बाहेर सेहेचाळीस.
तापलेली हवा, तेच चार डिग्री, तेच प्लग,
आणि पालचा चढ.
ठिणगीआधीच कोपऱ्यात जाळ पेटला असणार,
घणासारखा ठोका, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.
खडखड झालीच असेल.
पण ती ऐकू येऊ नये
एवढा जाड सायलेन्सरही मीच बसवलेला.

"काय निघालं उस्ताद?
पंपवाल्यानंच काही मिसळलं न?"
पोरानं दार उघडून ठेवलंय.
मी त्यातून सहज निघून जाऊ शकतो,
पंपवाल्याला कुठं कळणार आहे.

तीन नंबर मुठीत आहे.
अजून कोमट.

"पेट्रोल नीट आहे," मी म्हणतो,
"हिशेब जानेवारीचा होता. माझा."
त्याला कळत नाही. मग सगळं सांगतो,
पहिल्यापासून, भिंग त्याच्या डोळ्याला लावून.
तो बराच वेळ बघत राहतो.
"खर्च किती येईल?" विचारतो,
आणि मग, जरा थांबून, "कोणाले?"

रेमल्यानं तोवर पाना उचललाय.
हेडचे बोल्ट सैल करतोय,
बाहेरून आत,
एका वेळी पाव आटा.